गयाबाईची ओवी

मार्गशीर्षातल्या सकाळी भीमेवरून चढत आलेल्या धुक्यात कांद्याचे वाफेही दिसत नसत. गयाबाई मात्र दिसण्याआधी ऐकू येत असे. खुरप्याची कचकच, ओल्या मातीचा वास, आणि त्यांच्यावर तरंगणारा तिचा किंचित चिरलेला, उन्हात वाळवून ठेवल्यासारखा आवाज. धुके विरळ झाले की आधी तिच्या लुगड्याचा निळा काठ उमटे, मग खुरप्याच्या लयीत हलणारे मनगट, आणि सर्वांत शेवटी चेहरा.

मी शिरूरची. लग्न होऊन दौंड तालुक्यातल्या या बागायतदार घरात आले तेव्हा हातात बी. ए. ची पदवी होती आणि डोक्यावर पदर. मजुरांचा चहा बांधावर पोचवणे एवढाच माझा घराबाहेरचा प्रांत. आमच्या घरात भेदभाव नाही, असे सगळे अभिमानाने सांगत. गयाबाईसाठी मात्र कागदी कप आणलेले असत. ती गावाच्या पूर्वेला बौद्धवस्तीत राहायची. वयाने माझ्या आईएवढी, तरी मला ‘वैनी’ म्हणून अहोजाहो करायची. आणि आमच्याकडची कालची पोरेही तिला ‘ए गया’ अशी हाक मारत.

ओव्या ती स्वतः रचत असे. एक मला फार आवडायची:

येशीबाहेर घर माझं, सूर्य येतो आधी
माडीच्या सावलीत ऊन पोचंल कधी

म्हणताना ती मान वर करून आमच्या माडीकडे एकदा बघायची आणि हसायची. त्या हसण्यात राग नव्हता, लाचारीही नव्हती. सकाळच्या पहिल्या किरणावर पिढ्यान्‌पिढ्या हक्क असलेल्या माणसाची ऐट होती.

मग एका हिवाळ्यात पुण्याहून एक संशोधक बाई कॅमेरा घेऊन यायच्या ठरल्या. त्या गावोगावच्या बायकांची गाणी जमवत होत्या. “गावाची गाणी म्हंजी आपल्या घरातनंच जायला पाहिजेत,” आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना एकही ओवी येत नव्हती. तीन दुपारी गयाबाईला बोलावून घेतले. ती ओसरीच्या पायरीवर, आत्याबाई वर पाटावर, आणि अक्षर चांगले म्हणून वहीपाशी मी.

त्या ओवीपाशी आत्याबाई अडल्या. “येशीबाहेर कसं म्हनू मी? मानसं काय म्हंतील? सूनबाई, तो शब्द बदल.”

मी ‘नदीकाठी घर माझं’ असे लिहिले. गयाबाईने ऐकले आणि शांतपणे म्हणाली, “वैनी, नदीकाठी सूर्य आधी कसा येईल? मधी तुमची माडी हाय की.”

“गाण्यात चालतंय,” आत्याबाई म्हणाल्या, आणि दुसरी ओळ मला खोडायलाच लावली. सून म्हणून माझे तोंड बंद होते हे खरे. पण हात तर बंद नव्हता; खोडले त्यानेच.

चित्रीकरणाच्या दिवशी आत्याबाई नऊवारी नेसून, नथ घालून कॅमेऱ्यासमोर बसल्या. गयाबाईला दाराआड बसवले होते, शब्द विसरले तर सांगायला. संशोधक बाईंनी विचारले, “ही ओवी कोणाची?”

“आमच्या सासूबाईंची,” आत्याबाई म्हणाल्या. बाईंनी खात्रीसाठी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लहान हालचाल असेल, आणि सर्वांत जड.

गयाबाईची मुलगी संगीता रांजणगावला एका कंपनीत कंत्राटी कामाला होती. कॅन्टीनमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर तिने तो व्हिडिओ पाहिला आणि सुट्टीच्या दिवशी थेट आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. “माझ्या आईची ओवी तुमच्या घरात कवा रचली, वैनी?” मागोमाग धापा टाकत गयाबाई आली. “चल घरला. कामाला यायचंय मला हितं,” म्हणत तिने लेकीचा दंड धरला. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

त्यानंतर ती कामाला येत राहिली, पण शेतात फक्त खुरप्याचा आवाज उरला. पुढच्या उन्हाळ्यात ती संगीताच्या खोलीवर रांजणगावला राहायला गेली.

दोन वर्षांनी मी तिला शोधत तिथे गेले. पत्र्याच्या खोलीसमोर, शिफ्ट बदलणाऱ्या गाड्यांच्या धुळीत, ती लसूण सोलत बसली होती. मी म्हणाले, “गयाबाई, मी त्या बाईंना सगळं खरं लिहिते. तुमच्या तोंडून ओवी पुन्हा एकदा सांगा.” तिने स्टीलच्या पेल्यात चहा आणून माझ्यापुढे ठेवला, मी तो संपवेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली, “आठवत न्हाई. आता ती तुमचीच झाली, वैनी. तुम्हीच म्हना.”

परत येऊन पत्र लिहायला घेतले. खाली सही करताना सासरच्या आडनावापाशी पेन थांबला, तो थांबलाच. गयाबाई गेल्या वैशाखात गेली; मला कळले तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते.

यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘आपली संस्कृती’ म्हणून मुलींनी ‘नदीकाठी घर माझं’ म्हटले. पहिल्या रांगेत बौद्धवस्तीतल्या दोन मुली होत्या. गोड गळ्याने, माझा खोटा शब्द अगदी स्पष्ट उच्चारीत. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

माणसे गेली की काळ त्यांचे सारे पुसून टाकतो, असे आपण म्हणतो. मी पाहिले ते वेगळेच: पुसण्याचे काम माणसेच करतात, माणूस डोळ्यांसमोर जिवंत बसलेले असताना, आणि मग सारे काळाच्या नावावर घालून मोकळी होतात.