जांभळी पट्टी

रविवारी सकाळी नऊलाच सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. तीनशे हात वर गेले होते आणि प्रत्येक हातात बोटभर लांबीची कागदी पट्टी होती. दारात पट्ट्या वाटल्या जात, लोक स्वच्छतागृहापुढे रांग लावत, पट्टी लघवीत बुडवत आणि रंग बदलला की ती पदक मिळाल्यासारखी मिरवत आत येत. कुणाची फिकट गुलाबी, कुणाची जांभळी.

"हा तुमच्या चरबीचा धूर आहे, मंडळी," व्यासपीठावरचा माणूस म्हणाला. "रोग जळतोय, त्याचा धूर."

लोक त्याला 'सर' म्हणत. कसले सर, कुठले सर, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. मधावर त्याने बंदी घातली होती, पण आवाज मात्र मधात बुडवून काढल्यासारखा.

"साखर आली की सूज आली. सूज आली की औषध आलं. औषधामागून डॉक्टर आला, आणि एकदा आलेला डॉक्टर जातो का कधी?" सभागृह हसलं. "पाव नको, भात नको, फळ नको. लोणी खा, अंडी खा, मांस खा. दमलेल्या शरीराला विसावा द्या. आजार आपलं सामान गुंडाळून निघून जाईल."

शेवटच्या रांगेत बसलेली धाकटी हे सगळं कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. ती रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. असल्या पट्ट्या ती दिवसातून वीसदा हाताळायची, त्यामुळे तिला त्यांचं अप्रूप नव्हतं. ती आली होती थोरल्या बहिणीसाठी, ताईसाठी.

ताईचं शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत दोघी बहिणी राहत. अकराव्या वर्षी ताईला मधुमेह झाला. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. तेव्हापासून रोज चार सुया, बावीस वर्षं. दिवसभर कापडाला टाके घालायचे आणि जेवायच्या वेळी स्वतःला. पण तिने कधी कुरकुर केली नाही. मग एक गिऱ्हाईक तिला या शिबिरात घेऊन आलं आणि 'विसावा' हा शब्द तिच्या मनात घर करून बसला.

"आज सगळ्यात गडद पट्टी कुणाची?" सरांनी विचारलं.

धाकटीच्या शेजारी बसलेल्या ताईचा हात वर होता. पट्टी जवळजवळ काळी. सरांनी तिला वर बोलावलं.

"सुई?"

"महिनाभर कमी करत आणली. परवापासून बंद," ताई म्हणाली. "साखर मोजली, फार वाढलेली नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सकाळपासून ताईच्या श्वासाला आंबलेल्या फळासारखा वास येत होता, त्याचा अर्थ आत्ता धाकटीच्या ध्यानात आला. ती उठली. तीनशे आनंदी चेहरे तिच्याभोवती होते आणि ताई बावीस वर्षांत हसली नव्हती तशी हसत होती. तिचा विरस करायला धाकटीची जीभ रेटेना. घरी जाऊन सांगू, असं म्हणून ती खाली बसली.

घरी पोचताच ती म्हणाली, "ताई, सुई घे आणि दवाखान्यात चल. हा रंग चांगला नाही."

"तुला सगळ्यात खोटच दिसते."

"मी रोज हेच काम करते गं."

"तू पट्ट्या बघतेस. टोचून घेते मी." ताईचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "मला चार दिवस माणसासारखं जगू दे."

संध्याकाळी ताईला उलट्या सुरू झाल्या. तिने सरांना फोन केला. उत्तर आलं, 'शरीर विष बाहेर टाकतंय, पाणी प्या, घाबरू नका.' तिचा श्वास धाप लागल्यासारखा खोल खोल व्हायला लागला, तेव्हा मात्र धाकटीने काही ऐकून घेतलं नाही. शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिने तिला इस्पितळात नेलं.

"रक्त आंबट झालंय," डॉक्टर म्हणाले. "इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळत सुटतं, आणि तिचं आम्ल रक्तात साचतं. कालच आणलं असतं तर…"

बुधवारी दुपारी ताई गेली.

पुढच्या रविवारी धाकटी एकटीच त्या सभागृहात गेली. दारात मिळालेली पट्टी घेऊन रांगेत उभी राहिली. कोणता रंग येणार, हे तिला ठाऊक होतं. सगळ्यात गडद पट्टी पुन्हा शेवटच्या रांगेत निघाली. सरांनी तिला वर बोलावलं.

"नवीन दिसता, बाई. आणि हा रंग! काय खाताय, सांगा सगळ्यांना."

"काही नाही," धाकटी म्हणाली. "बुधवारपासून पाणी आणि बिनसाखरेचा चहा. घास उतरत नाही. माझी बहीण वारली. गेल्या रविवारी तुम्ही तिला इथेच उभं केलं होतं."

तिने आपली पट्टी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"मी लोणी खाल्लं नाही, अंडी खाल्ली नाहीत, तरी माझी पट्टी जांभळी आहे," ती पुढे म्हणाली. "पट्टी खोटी नाही, तिचा लावलेला अर्थ खोटा आहे. अन्नातून साखर मिळाली नाही की शरीर चरबी जाळतं आणि त्यातून निघणाऱ्या पदार्थाने ही रंगते. उपाशी माणसाची रंगते, दुःखात जेवण सुटलेल्याची रंगते. आणि इन्सुलिन तोडलेल्या माणसाची रंगते, तेव्हा ती मरणाची सूचना असते. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरतात ना तुमचे? त्यात बरंचसं पाणी असतं. चार दिवस पाव खा, परत येईल."

"त्यांची श्रद्धा कमी पडली," सर म्हणाले. "शिवाय स्वतःच्या जबाबदारीवर येत असल्याच्या कागदावर त्यांनी सही केली होती."

"तिची श्रद्धा पुरेपूर होती. तिच्याकडे कमी होतं ते इन्सुलिन."

मधल्या रांगेतून एक वयस्कर बसचालक उठला. "मी साखरेच्या गोळ्या बंद केल्यात. दोन आठवडे झाले."

"आजच तुमच्या डॉक्टरांना भेटा, काका. कमी खायचं असेल, वजन उतरवायचं असेल, तर तेही त्यांना विचारून करा. औषध मात्र आपल्या मनाने तोडू नका." मग ती सगळ्यांकडे वळली. "गेल्या रविवारी मी इथेच बसले होते. तेव्हा बोलले नाही."

अर्धं सभागृह रिकामं झालं. उरलेलं अर्धं बसून राहिलं, आणि सरांनी त्यांच्यासाठी पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या महिन्यात त्यांची शिबिरं दुसऱ्या गल्लीत भरू लागली, असंही कानावर आलं.

ताईला विसावा हवा होता, यात तिचं काहीच चुकलं नाही. आजाराला कंटाळलेल्या कुणाला तो नको असतो? पण वेळेवर जेवण, पुरेशी झोप, रोजचं चालणं आणि ज्याला लागतं त्याला औषध, यातून जो विसावा मिळतो तो हळूहळू मिळतो. त्याला टाळ्या पडत नाहीत. म्हणून तर तो विकायला कुणी व्यासपीठावर उभं राहत नाही. कुणी तुम्हाला एका आठवड्यात मुक्ती दाखवली, तर एवढंच विचारा, की हे कशामुळे होतं, आणि माझ्यासारख्या आजारी माणसाचं याने काय होईल? उत्तराऐवजी श्रद्धा मागितली गेली, तर उठा आणि घरी या. घरी कुणीतरी वाट बघत असतं.