उचललेला दगड

गिडियन डॉड्सला त्या खोऱ्यात सगळे 'गडगा गिडी' म्हणत. डॉड्स आडनावाची माणसं तिथे इतकी, की टोपणनावाशिवाय कुणाचा पत्ताच लागायचा नाही. एक गिडी मेंढ्यांवाला, एक गिडी दारू सोडलेला, आणि हा गडगेवाला. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड बसवत त्याने जन्मभर डोंगरांवर कुंपणाचे गडगे घातले, आणि त्यातला एकही ढासळला नाही, हे तो कुणी न विचारता सांगायचा. वय एकाहत्तर. एक खुबा बदललेला, दुसरा बदलायला आलेला. बायको केलीच नाही. थोरली बहीण इसा विधवा होऊन घरी परतली तेव्हापासून तीच चूल सांभाळायची आणि त्याची जीभही.

इसा माडीवरची खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायची. सप्टेंबरात तिच्याकडे कॅनडाहून एक म्हातारे गृहस्थ उतरले, कॅल्विन पर्डम म्हणून. वाळलेल्या काठीसारखा माणूस, पण बोलणं मऊ. त्यांच्या पणजोबांचे वडील डोंगरावरच्या हेअरशील नावाच्या घरातून निघून जहाजात बसले होते, आणि ते घर बघायला हे आले होते. हेअरशीलला आता घर कुठलं, दोन पडक्या भिंती आणि खाजकुयलीसारखी डसणारी रानझुडपं. पण तसं इसाने त्यांना सांगितलं नाही. तिने गिडीला सांगितलं, "नुसता खुर्ची झिजवत बसलायस. ने त्यांना."

गिडीने आपल्या जुन्या जीपमधून नेलं. वाटेत डोंगराच्या कडेने धावणारा लांबलचक गडगा लागला. गिडीने गाडी मुद्दाम हळू केली. पंचेचाळीस वर्षं झाली, तो म्हणाला, एक दगड हललेला नाही, आणि यातला दगड अन् दगड मी या हातांनी उचललाय. पर्डमनी काच खाली करून मनापासून बघितलं. असं बघणारा माणूस गिडीला वर्षानुवर्षं भेटला नव्हता, तो फुशारला. मग त्याने त्यांना गडग्याच्या धंद्यातला पहिला नियमही सांगितला. हातात घेतलेला दगड खाली ठेवायचा नाही. घेतलास ना, मग त्याची जागा शोध. खाली ठेवत बसलास तर दिवसाला वावभर गडगाही व्हायचा नाही.

"बाकी आमच्याकडे उचलणं जुनंच," गिडी हसत म्हणाला. "पूर्वज दुसऱ्यांची गुरं उचलायचे, मी दगड उचलतो."

पर्डमही हसले. म्हणाले, मग तर आपण नातेवाईक. आमच्या घरातली पहिली सून तुमच्यातली, जॅनेट डॉड्स. गिडी म्हणाला, या खोऱ्यात धोंडा भिरकावला तर एक तर डॉड्सला लागतो नाही तर मेंढीला. पण नातेवाईक म्हटल्यावर त्याला बरं वाटलं, हे खरं.

फाटकापाशी गाडी सोडून ते चालत वर गेले. हेअरशीलला गुडघाभर भिंती उरल्या होत्या, आणि दारापाशी चेटकिणी येऊ नयेत म्हणून कुणीतरी लावलेलं रोवनचं झाड तेवढं लालभडक फळांनी लगडलेलं होतं. पर्डम त्या झाडाखाली बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. घड्यांवर फाटलेला, पाठीमागून पट्टी चिकटवलेला. त्यावर एका लांब शिळेचं चित्र होतं. डाव्या टोकाला ए आणि पी, म्हणजे ॲडम पर्डम. उजव्या टोकाला जे आणि डी. मधे एक बदाम आणि साल, सतराशे एक्केचाळीस. दोघांचं लग्न झालं त्या वर्षी दारावर बसवलेली शिळा.

 ती शिळा गिडीने ओळखली. न ओळखून सांगतो कुणाला.

पर्डम सांगत होते, आमच्याकडे म्हणायचे, आधी हात, मग पाऊल. नवी सून आली की आधी दारावरच्या शिळेला हात लावायची, मगच उंबऱ्यात पाऊल. कॅनडात शिळा नव्हती, पण ही म्हण राहिली. आम्ही लाकडाच्या चौकटीला हात लावायचो. रूथला, म्हणजे त्यांच्या बायकोला, खऱ्या शिळेला हात लावायचा होता. चाळीस वर्षं ठरवत होतो, यंदा जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ. एप्रिलमध्ये ती गेली. आता तिचा हातमोजा आणलाय. त्यांनी खिशातून तो काढूनही दाखवला, तपकिरी लोकरीचा, अंगठ्यापाशी रफू केलेला.

"एवढंच करायचं होतं," ते म्हणाले. "कुठे गेली असेल हो ती शिळा?"

आता हे ऐकून कुणीही भल्या माणसाने तोंड उघडलं असतं. गिडी काही वाईट माणूस नव्हता. पण अर्ध्या तासापूर्वीच तो छाती फुगवून म्हणाला होता, दगड अन् दगड मी उचललाय. आणि तोंड उघडलं तर सगळंच सांगावं लागणार होतं.

सगळं म्हणजे असं. सव्विसाव्या वर्षी तो रॉब शील नावाच्या बुजुर्ग गडगेवाल्याच्या हाताखाली काम करायचा. गडगा संपत आला होता, आणि माणसांना चढून पलीकडे जाता यावं म्हणून त्यात पायऱ्या बसवायच्या होत्या. पायरीला लांब, आरपार दगड लागतो. दोन्ही बाजूंना टोकं बाहेर येतील असा. दोन मिळाले, तिसरा मिळेना. गिडीने हेअरशीलच्या पडझडीतून ही शिळा दोघांना हाताशी घेऊन आणली. रॉबने अक्षरं बघितली आणि म्हणाला, खाली ठेव, कुणाच्या तरी दाराची आहे ती. आणि गिडी, चार जणांसमोर, म्हणाला, "तूच शिकवलंस ना, उचललेला दगड खाली ठेवायचा नाही म्हणून?" सगळे खो खो हसले. रॉब आपल्या कामाकडे वळला. गिडीने शिळा बसवली, अक्षरं खालच्या अंगाला, म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर यायला नकोत. त्या दिवसानंतर रॉबने त्याला कधी काही शिकवलं नाही. हे गिडीला पुष्कळ उशिरा कळलं.

आणि आता रोवनच्या झाडाखाली त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "जुन्या जमीनदाराने इथले दगड रस्त्याला नेले म्हणतात. माझ्या जन्माआधी."

पर्डमनी मान हलवली. म्हणाले, असेल, असंच होतं. मग ते वाकले आणि त्यांनी तो हातमोजा भिंतीतल्या एका दगडावर ठेवला, कुठल्याही. म्हणाले, हीच समजू या. गिडीला तिथे उभं राहवेना. तो उगाच लांब जाऊन आभाळाकडे बघत राहिला.

आभाळ खरंच दाटून आलं होतं. थेंब पडायला लागले. फाटकाकडून परत जायचं तर अर्धा मैल वळसा. समोर तीनशे पावलांवर गडग्यातल्या पायऱ्या दिसत होत्या, आणि पलीकडे रस्ता, गाडी तिथवर आणता येण्याजोगा. पर्डमच म्हणाले, इथून जाऊ, माझे गुडघे बोलायला लागलेत. गिडी म्हणाला, फाटकाकडूनच बरं.  पाऊस तिरपा यायला लागला होता. मग काय, गेले पायऱ्यांकडे.

तिथेही वेळ गेली नव्हती, बरं का. तिसरी पायरी समोर होती. तिच्या टोकाखाली नुसता हात घालायचा होता. गडगा फोडायला नको, दगड हलवायला नको. बोटांना अक्षरं लागली असती, या बाजूला ए आणि पी, पलीकडे उतरल्यावर जे आणि डी. गिडीने तोंड उघडलंही. पर्डम पहिल्या पायरीवर चढले, दुसऱ्या पायरीवर चढले, आणि आधारासाठी त्यांनी हात पुढे केला. गिडीने तो हात धरला.

"जपून," तो म्हणाला. "पायरी निसरडी आहे."

आणि पर्डमनी तिसऱ्या पायरीवर पाऊल ठेवलं, चांगलं दाबून, बुटाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते गेले. निघताना दोघांना मिठ्या मारल्या, इसाच्या हातात मेपलच्या पाकाची बाटली ठेवली, आणि गिडीला म्हणाले की, माझा हात धरलात, आपलं माणूस भेटलं. बस वळणाआड गेली तरी गिडी घराच्या फाटकाशीच उभा. दुपारी त्याने मटणाचा रस्सा तसाच ठेवला. इसाने वाडगा उचलला नाही, समोर बसली आणि म्हणाली, बोल. तो बोलला, रॉबपासून बुटापर्यंत.

इसा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे तू दगड उचललास आणि उचललासही. दोन्ही अर्थांनी." मग म्हणाली, "आणि तोही आपल्याच घरच्या पोरीचा. आज लिही त्यांना."

आज लिही म्हटलं की गिडी उद्या लिहिणार, हा स्वभाव. उद्याचा परवा झाला. मेंढ्यांचा बाजार आला, मग पहिलं हिम पडलं. नोव्हेंबरात एका कोरड्या दिवशी तो मेणाचा खडू आणि पातळ कागद घेऊन पायऱ्यांकडे गेला. इसा बरोबर गेली, कारण याचा खुबा. गिडी ओल्या गवतात उताणा झोपला, पायरीखाली डोकं घालून. इसाने कागद ताणून धरला. आणि गाडी दुरुस्त करणाऱ्यासारखा तो खालून खडू घासत राहिला. आधी ए आला, मग पी. मग पलीकडे जाऊन पुन्हा झोपला. जे. डी. अक्षरं अजून तशीच, काठ टोकदार. पंचेचाळीस वर्षं त्यांची पावसाकडे पाठ होती ना. मधला बदाम आणि साल मात्र गडग्याच्या पोटात. नवरा एका कुरणात, बायको दुसऱ्या, मधे गिडीचा गडगा. उठताना इसाला त्याला हात द्यावा लागला. त्याचे डोळे ओले होते, आणि ते गवतामुळे नव्हते.

पत्र लिहिलं त्याने, पण त्यातही माणूस घसरलाच. लिहिलं की शिळा सापडली. गडग्यातल्या पायरीला लावलेली होती, सोबत ठसा पाठवतो, तुम्ही पुन्हा या. कुणी लावली, ते लिहिलं नाही. सापडली, असा शब्द. इसाने वाचून पत्र टेबलावर टाकलं आणि म्हणाली, हे पत्र आहे की गडगा? एका बाजूने दिसतं, दुसऱ्या बाजूने नाही. पण गिडीने तसंच पाकीट चिकटवलं.

ख्रिसमसच्या आधी उत्तर आलं. अक्षर थरथरतं, पण मजकूर सरळ. ठसा मिळाला, भिंतीवर लावलाय, रूथच्या फोटोशेजारी. डॉक्टर आता विमानात बसू देत नाहीत, तेव्हा येणं होणार नाही. मग खाली लिहिलं होतं:

"तुम्ही गाडीत म्हणाला होतात, त्या गडग्यातला दगड अन् दगड तुम्ही उचललाय. मी त्या पायरीवर चढलो होतो, हे मला आठवतं. तुम्ही माझा हात धरला होता. एकच विचारतो. माझं पाऊल पडलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"

गिडीने ते पत्र किती वेळा वाचलं, देव जाणे. माहीत नव्हतं, असं लिहिणं सोपं होतं. हेअरशीलच्या पडक्या घरात बोललेल्या खोट्याला अजून एक जोडलं की काम झालं. म्हाताऱ्याचंही समाधान झालं असतं, आणि याचंही नाक राहिलं असतं. इसाने सल्ला दिला नाही. ती म्हणाली, या वेळी मी वाचणार नाही, तूच चिकटव.

त्याने एकच शब्द लिहिला. हो. खाली सही केली, गिडियन डॉड्स, आणि विचार करून त्याखाली लिहिलं, शिळा मीच बसवली.

त्या पत्राचं उत्तर आलं नाही. जानेवारी गेला, कोकरांचे दिवस आले आणि गेले. गिडी रोज टपालवाल्या बाईची गाडी दिसली की फाटकापाशी जायचा आणि विजेचं बिल घेऊन परत यायचा. म्हातारा वारला की रागावला, कळायला मार्ग नव्हता. इसा म्हणाली, फोन कर. गिडी म्हणाला, त्यांनी विचारलं, मी सांगितलं. आता माझी पाळी नाही.

खोऱ्यात लोक हसतात. वरच्या कुरणाकडे निघालेला गडगा गिडी स्वतःच्या हाताने बसवलेल्या पायऱ्या चढत नाही, म्हणतात. म्हातारपणी स्वतःच्याच कामाचा भरवसा उरला नाही वाटतं. गिडी कुणाला काही सांगत नाही. पायऱ्यांपाशी येतो, काठी गडग्याला टेकवतो, कण्हत वाकतो आणि तिसऱ्या पायरीखाली हात घालतो. ए, पी. बोटं ओळखतात. आधी हात. मग काठी घेतो आणि अर्धा मैल वळसा घालून फाटकाने जातो.