कॉम्रेड तान

सल्लामसलतीसाठी म्हणून बाबांना पेइचिंगला बोलावून घेतले, तेव्हा राजदूत-निवासातले कपडेही त्यांनी आवरले नव्हते. लवकरच परत जायचे, असे ते धरून चालले होते. आता खिडकीखालचे पॉप्लर निष्पर्ण झाले होते आणि घरातला फोन भिंतीइतका मुका झाला होता.

चूक एका क्रियापदाची होती. बाबा जिथे राजदूत होते, त्या बेटावरच्या देशात आमच्या जहाजाच्या धडकेने तिथली एक मासेमारी बोट बुडाली. मेजवानीत तिथला मंत्री रडला. मुख्यालयाने ठरवून दिलेले वाक्य होते, ‘आम्ही घटनेची दखल घेतली आहे.’ बाबा म्हणाले, ‘तुमचे दुःख आम्ही समजतो.’ जन्मभर ज्यांनी स्वल्पविरामही हलवला नव्हता, ते एकदाच चळले. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यात कबुली वाचली.

रविवारी दुपारी कोंगकाका आले. बाबांबरोबरच परराष्ट्र खात्यात लागलेले, आता कर्मचारी विभागात वरच्या जागी. आईने कोबीचे सारण भरून ज्याओझ उकडले.

"वहिनी, माझ्या पोटाचं वाटोळं तुम्हीच केलंत बघा."

"खा हो. ऑफिसात चहाशिवाय काय मिळतं तुम्हाला?"

"शिव्या मिळतात की!"

बाबा गरजेपेक्षा मोठ्याने हसले. त्यांचे कान एकाच शब्दाकडे लागले होते. पद गेले, चौकशी लागली, तरी नावाआधी ‘कॉम्रेड’ उरला तर माणूस उरतो. तो गळला की निवृत्तिवेतन, घर, मित्र, सारेच गळते. आणि आल्यापासून काकांनी बाबांना कशानेच हाक मारली नव्हती. नेहमीचे ‘तान म्हाताऱ्या’सुद्धा नाही.

"उद्या सकाळी गाडी येईल," व्हिनेगरच्या वाटीत बघत काका म्हणाले. "तान छिशेंग यांनी तयार राहावं, असा निरोप आहे."

"शब्दन्‌शब्द असाच?" बाबांनी विचारले.

"निरोपात मी पदरचं घालत नाही. घालणारे कुठे पोचतात, ते बघतोयच की."

"अहो, नावाच्या आधी काहीतरी असेल ना?" आईचा आवाज फाटला. "नीट आठवा!"

काका उठले. बाबा त्यांच्यामागे दारापर्यंत गेले.

"कोंग, निरोपाचं राहू दे. तुझ्या तोंडून म्हण. एकदाच. इथे घरचेच आहेत सगळे."

काकांनी बुटाची बांधलेली नाडी सोडली, पुन्हा बांधली. "येतो, वहिनी," एवढेच म्हणून ते जिना उतरले.

बाबांनी दार लावून घेतले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू म्हणतोस?"

मी पक्षात नव्हतो. माझ्या तोंडात त्या शब्दाला ना वजन होते, ना अधिकार. तरी म्हणालो, "कॉम्रेड तान."

"शेवटी आवाज चढवू नकोस," ते शांतपणे म्हणाले. "प्रश्न विचारल्यासारखा वाटतो. पुन्हा म्हण."