टेकडीमागची गल्ली

आमचा धंदा घरोघरी जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करण्याचा. दुरुस्तीला तीन माणसं, आणि सकाळी कुणाला कुठे धाडायचं ते ठरवणारी मी. वीस वर्षं हा कारभार एका वहीत आणि माझ्या डोक्यात बिनबोभाट चालला होता. मग नवऱ्याच्या डोक्यात सॉफ्टवेअरचं भूत शिरलं.

दोन सॉफ्टवेअर त्याने निवडून काढली. पहिल्यात कोण कुठे जाणार ते मीच ठरवायचं, ते नुसतं टिपून ठेवणार. दुसरं स्वतःच ठरवणार, जो जवळ असेल त्याला पाठवणार. नवऱ्याला दुसरं हवं होतं. मी पहिल्याला चिकटून बसले होते आणि कारण सांगत नव्हते.

कारण होतं धाकटा, माझा भाऊ. तिघांत सगळ्यात हुशार हात त्याचा. सहा वर्षांपूर्वी त्याचा संसार मोडला आणि बायको टेकडीमागच्या गल्लीत राहायला गेली. तेव्हापासून त्या गल्लीतलं एकही काम मी त्याला दिलं नाही. तो शेजारच्या चौकात असला तरी शहराच्या दुसऱ्या टोकाहून दुसऱ्याला धाडायची. नवरा म्हणायचा, तुझं गणित कच्चं आहे. असू दे कच्चं! भावाच्या जखमेवरची खपली मला काढायची नव्हती.

"आठवडाभर वापरून तर बघ," म्हणत नवऱ्याने दुसरं सुरू करून दिलं. मी फणकाऱ्याने खुर्चीत बसले.

आणि खरं सांगते, गुंगीच चढली. फोन वाजेनात. कामं आपली आपण पडद्यावर उमटत होती, नकाशावर तीन ठिपके सावकाश सरकत होते. वाटलं, आपण छपरांवरून तरंगत चाललोय आणि खाली घराघरांत कुणाच्या चादरी, कुणाचे मोजे गरगर फिरतायत. कधी डोळा लागला कळलंच नाही. झोपेत मी आणि ती गच्चीवर ओल्या चादरीची दोन टोकं धरून पीळ घालत होतो. ती म्हणजे भावजय. पण त्याआधी ती माझी मैत्रीण, तिला या घरात आणली मीच. स्वप्नात चादरीतलं पाणी संपेचना आणि आमचं हसू थांबेना.

जाग आली तेव्हा धाकट्याचा ठिपका टेकडीमागच्या गल्लीत होता. तिच्याच घरी. फोन उचलला, पण बोलणार काय? चाळीस मिनिटं ठिपका हलला नाही. नवऱ्याला, सॉफ्टवेअरला आणि ते विकणाऱ्या गोड गळ्याच्या मुलीला मी मनातल्या मनात लाखोली वाहिली.

संध्याकाळी धाकटा आला. हत्यारांची पेटी ठेवून त्याने हात धुतले.

"मशीनचा पट्टा तुटला होता," तो म्हणाला. "नवा उद्या सकाळी मिळेल."

"तिच्याकडे गेला होतास."

"हो. चहा पण घेतला."

"आणि?"

"आणि काय ताई? सहा वर्षं झाली, मी कधीच सावरलोय. तू मला तिकडे पाठवत नाहीस ते कळत होतं. वाटलं, तुलाच तिचं नाव नको असेल. म्हणून गप्प राहिलो." हात पुसता पुसता तो थांबला. "तुझ्याबद्दल विचारत होती. म्हणाली, आपलं दोघांचं मोडलं ते मोडलं, पण तुझ्या ताईशी माझं कुठे भांडण होतं?"

सहा वर्षं मी भावाला जपतेय असं समजत होते. त्या नादात माझी एकुलती एक मैत्रीण मी टाकून दिली होती, तिचा काही गुन्हा नसताना. मला माझीच भयंकर लाज वाटली.

सकाळी पट्टा बसवायचं काम सॉफ्टवेअरने पुन्हा धाकट्याला दिलं. मी त्याच्या नावाखाली माझं नाव घातलं. नवरा मागून वाकून बघत होता.

"तुला पट्टा बसवता येतो?"

"नाही."

"मग तिथे जाऊन करणार काय?"

"दारात उभी राहीन," मी म्हणाले आणि चपला शोधायला लागले. "तिने आत घेतलं तर माफी मागेन."