एकसष्टावं पान

"तुमचं पुस्तक पन्नास वाचकगटांत पोहोचवतो," असं सांगून फोनवरचा माणूस आधी पैसे भरा म्हणायला लागला. असल्या भामट्यांबद्दल मुलीने मला बजावलं होतं. तीस वर्षं वॉर्डात नर्स होते मी, खोटं दुखणं आवाजावरून ओळखते.

मी डाफरले, "इंटरनेटवर नुसतं नाव बघून फोन केलात ना? पुस्तक वाचलंय तरी का?"

पदरचे पैसे घालून छापलेल्या माझ्या आठवणी मी घरोघरी वाटल्या होत्या, इंटरनेटवरही टाकल्या होत्या. जाऊबाईंनी म्हणे एका बैठकीत संपवल्या. मुलगी तर म्हणाली, "आई, दोनदा वाचलं गं." पण छपाईच्या चुकीने एक अख्खं पान कोरं राहिलंय, हे कुणी म्हणजे कुणीच बोललं नाही. वर्षभर मी वाट बघितली.

"वाचलं ना," तो म्हणाला. "पण बाई, एकसष्टावं पान कोरं का? आदल्या पानावर त्या बाळंतिणीने डोळे उघडले होते. जगली का हो ती?"

भामटाच होता मेला, शंभर टक्के.

"जगली," मी म्हटलं. "थांबा, चष्मा घेते. खाते क्रमांक सांगा."