सीतारामच्या वाट्याचं दूध

मी पानाचा खलबत्ता बोलतोय. स्वयंपाकघरात मसाला कुटतात तो दणकट लोखंडी नव्हे. मी पितळेचा, तळहातावर बसेन एवढाच. दात पडलेल्या माणसालाही विडा खाता यावा म्हणून माझ्यासारख्यांचा जन्म.

तांबाकाटा बाजारातल्या एका ओताऱ्यानं मला ओतलं, कानशीनं माझी कड गुळगुळीत केली आणि दुकानाच्या फळीवर ठेवून दिलं. तिथून मला उचललं सीतारामनं. कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून त्याचं वय सरलं होतं आणि तोंडाचं बोळकं झालं होतं. लालबागला चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर तो मला घेऊन आला आणि रमाबाईपुढे धरून म्हणाला, "हे बघ, नवे दात."

"सांभाळा हो," रमाबाई म्हणाली. "पहिले बत्तीस हरवलेत. हे तरी हरवू नका."

तिचेही दात तेव्हा जायला लागलेच होते, पण ते ती बोलून दाखवत नसे. रात्रीची जेवणं आटोपली की सीताराम मला मांडीशी घेई. पान, सुपारी, कात, नखभर चुना. बत्त्याचा टणटण आवाज सुरू झाला की शेजारची राधा भिंतीपलीकडून ओरडे, "सीतारामदादा, माझंपण एक कुटा!" माझे ते दिवस सुखाचे होते.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईसाठी मोर्चे निघाले आणि रस्त्यांत गोळ्या चालल्या. सीतारामच्या खात्यातला एक जण गेला. त्या संध्याकाळी रमाबाईनं पुढे केलेला चहा सीतारामनं परत सारला.

"कोरा दे. मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत दूध बंद. मिळेल त्या दिवशी खाली नाक्यावर भैयाच्या दुकानात उभा राहीन आणि कढईतलं पेलाभर दूध पिईन. तोवर नाही."

रमाबाईला वाटलं, आठवड्यात विसरेल. तो विसरला नाही. पुढे अठ्ठावन्न साली दिवाळीच्या तोंडावर तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. दूध राहिलं ते राहिलंच.

दिवसकार्य झाल्यावर सून शेवंतीनं सासूपुढे चहा ठेवला. रमाबाईनं तो परत सारला, अगदी नवऱ्यासारखाच. "कोरा दे गो. त्यांचा नेम अर्धा राहिलाय. तो कुणीतरी पुरा करायला हवा."

मला तिनं फडक्यात गुंडाळून खाटेखाली ठेवलं. फडक्याच्या फटीतून मला गॅलरीचा उंबरठा दिसे आणि त्यापलीकडे डालड्याच्या डब्यातली तुळस. वर्षभर मी तेवढंच पाहिलं. खाटेवरची बाई दिवसेंदिवस हलकी होत चाललीय, हे मात्र मला न पाहताही कळत होतं. खाट करकरेनाशी झाली होती.

एकोणसाठ सरता सरता एके दिवशी रमाबाईचा मुलगा शिवा गिरणीच्या पाळीवरून पेपर नाचवतच आला. "आई, द्विभाषिक राज्य मोडतंय गो! मुंबई मिळतेय आपल्याला!"

रमाबाई उठून बसली. "मग मला खाली उतरायला हवं."

"त्याला अजून अवकाश आहे."

"आधी जमतं का ते बघायला नको?"

ती लगेच निघाली. जिन्याच्या पहिल्याच वळणावर तिचे गुडघे मोडले आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. शिवानं तिला पाठुंगळीला घेऊन वर आणलं. खाटेवर टेकल्यावर ती म्हणाली, "बाप तुझा चौघांच्या खांद्यावरनं खाली गेला. मी तुझ्या पाठीवरनं वर आले. मग पाय दिलेत कशाला देवानं?" आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी शिवा नाक्यावरच्या मनमोहन डॉक्टरांना घेऊन आला. हे मूळचे गिरगावचे, जुन्या मुंबईकर घराण्यातले, तोंडाळ पण मायाळू. त्यांनी रमाबाईचं मनगट दोन बोटांत धरलं आणि विचारलं, "आजी, जेवता काय?"

"पेज," शेवंतीनंच उत्तर दिलं. "नाहीतर मऊ भात. बाकी सगळं ताटात बाजूला सारतात."

"आणि दूध?"

शिवानं नेमाची हकिगत सांगितली. डॉक्टर ऐकून घेत म्हणाले, "बरं बरं. दूध नको तर नको. दुधातनं मिळायचं ते या गोळ्यांतनं मिळेल. सकाळी एक, संध्याकाळी एक."

त्यांच्या या एका वाक्यानं घोटाळा झाला, पण तो कळायला महिना गेला.

रमाबाई गोळी मुकाट्यानं तोंडात टाकी आणि काठी टेकत गॅलरीत जाई. शेवंतीला वाटे, सासू तुळशीला नमस्कार करायला जाते. मी उंबरठ्याकडे डोळे लावून असायचो, म्हणून मला दिसे. रमाबाई गालातली गोळी काढी आणि बोटानं तुळशीच्या मातीत दाबून टाकी. मला ओरडता येत असतं तर!

एका सकाळी शेवंती उलथन्याच्या टोकानं तुळशीची माती मोकळी करत होती. तिला पांढरी ढेपळं लागली.

"आई, हे काय?"

"घातलं तुळशीला."

"गोळ्या?"

"दुधातलं सत्त्व ना ते? डॉक्टर स्वतः बोलले. मला नाही चालत. पैशाची वस्तू फेकवेना, म्हणून तिला दिली. बघ, कशी तरारलीय."

शेवंती आधी हसली. मग उलथनं हातात तसंच धरून रडायला लागली. "तुळस उतरणार आहे का जिना?"

त्या दिवशी रमाबाईनं पेजही अर्धी टाकली.

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग खाटेच्या कडेला टेकून गंभीर झाले. "आजी, चूक माझी. माझं बोलणंच तसं झालं. या गोळीत दुधाचा थेंब नाही. हा चुना आहे, औषधासाठी शुद्ध केलेला."

"चुना? पानाला लावतात तो?"

"त्याच्याच जातीतला. म्हणून पानाचा चुना चाटत बसू नका, जीभ पोळेल."

"हे आधी सांगायचं नाही का? चुना तर ह्यांनी जन्मभर खाल्ला." आणि तिनं त्यांच्यासमोरच गोळी घेतली. शेवंतीनं तोंड उघडायला लावून गाल तपासला, तेव्हा म्हातारी म्हणाली, "सासू मी आहे की तू?"

"पण नुसत्या गोळीनं पाय उभे राहत नाहीत," डॉक्टर निघता निघता म्हणाले. "पोटात अन्न हवं. नाचणी, तीळ, डाळ, अंडं. बारीक सुकी मासळी काट्यासकट. सकाळी गॅलरीत ऊन, आणि रोज थोडं चालणं. नुसती पेज पिऊन म्हातारपण निभत नाही, आजी."

"मासळी कशानं चावू? हिरड्यांनी?"

"चावू नका. कुटून खा."

शेवंतीची नजर सरळ खाटेखाली माझ्यावर आली. तिनं मला ओढून बाहेर काढलं. किती दिवसांनी माझ्या अंगावर उजेड पडला!

"तो नको," रमाबाई म्हणाली. "त्यात ह्यांच्या पानाचा वास आहे. मासळी कुटलीस की जाईल तो."

शेवंतीनं मला सासूच्या उशाशी ठेवलं आणि राधाचा दगडी खल मागून आणला. रोज आणायचा, रोज धुऊन परत करायचा. राधा किती दिवस गप्प बसणार? एकदा दारात उभी राहून म्हणाली, "रमाक्का, घरात पितळेचा पडलाय आणि माझा दगड झिजवता होय? माझ्या वाटणाला सुकटीचा वास येतो. काल खिरीची वेलचीसुद्धा त्या वासातून सुटली नाही."

त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. रमाबाईनं मला हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मी जीव धरून राहिलो. माझ्यात काही उरलेलं नव्हतं, मला ठाऊक होतं. जुन्या पितळेचा वास येतो, तेवढाच.

"गेलाय की केव्हाच," ती हळूच म्हणाली. "मीच धरून बसले."

ती उठली. चिंच आणि राख घेऊन तिनं मला स्वतः घासलं, बत्ता वेगळा, खल वेगळा. शेवंती बाजारातून आली तेव्हा मी उन्हात लखलखत होतो आणि म्हातारी तव्यावर सुकट भाजत होती.

तेव्हापासून मला उसंत नाही. सकाळी तीळ-गूळ. दुपारी सुकट, लसूण, चिमूटभर तिखट. नाचणीची आंबील शेवंती करी. सुकी मासळी वरळी कोळीवाड्याच्या मालनकडची. टोपली उतरवताना ती रोज टोमणा मारी, "खा गो म्हातारे. नायतर मांजर टपलंय तुझ्या वाटचं खायला."

रमाबाई उन्हात बसे, मग गॅलरीत चाले. पुढे जिन्याचं एक वळण उतरून चढून येऊ लागली. पाडव्याला दुसऱ्या मजल्यावर जाऊन ती कुणाकडे तरी श्रीखंड नाकारून आली आणि मोठ्या ऐटीत ते सांगत बसली. खाट पुन्हा करकरू लागली. मला तो आवाज फार गोड वाटे.

एक मे उजाडला. लालबाग दिव्यांनी आणि पताकांनी भरून गेलं होतं. संध्याकाळी रमाबाईनं धुवट लुगडं नेसलं आणि मला पिशवीत टाकलं.

"हा कशाला?" शिवानं विचारलं.

"तुला काय करायचंय? आणि मला धरू नकोस. पुढे चाल."

पिशवीतून मला फक्त तिच्या पायांची चाहूल येत होती. एक पाय, थांबणं, दुसरा पाय. पहिल्या वळणावर, जिथे ती बसली होती, तिथे ती थांबली. मग पुन्हा पाय उचलला गेला. आणि नंतर एकदम रस्त्याचा गलबला, ढोल, माणसं. आम्ही खाली होतो!

भैयानं कढईतून दूध वर-खाली ओतत पेला भरला. रमाबाईनं मला बाहेर काढून पाटावर ठेवलं. "यात पण घाल थोडं."

"माई, इसमें? ये तो पान का है."

"ज्यांचा आहे त्यांचंच दूध आहे ते. घाल."

त्यानं माझ्यात धार सोडली. पितळ आतून तापत गेलं. पान कुटलं, सुकट कुटली, तीळ कुटले, पण दूध माझ्यात पहिल्यांदाच पडत होतं. रमाबाईनं पेला उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश रिकामा केला. मग माझ्यातलंही प्यायली, तळाशी थेंब न ठेवता. पदरानं तोंड पुसलं.

"कसं आहे, आई?" शेवंतीनं विचारलं.

"पाणी घालतो मेला," रमाबाई म्हणाली आणि हसली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल झाले होते. "चला वर. आणि शेवंते, नेम सुटला म्हणून सुकट बंद करू नकोस हां. उद्या कुटायचीय."

आता मी फळीवर असतो, हाताशी. माझी कड थोडी चेपली आहे, बत्त्याचं डोकं झिजलं आहे. त्याची खंत नाही. कामानं झिजणं आणि खाटेखाली काळं पडणं, दोन्ही मी पाहिलंय.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस ताटातलं बाजूला सारत असेल, तर रागावू नका. जवळ बसून आधी विचारा, चावतं का. आणि कुणाची आठवण म्हणून माझ्यासारखी एखादी वस्तू फडक्यात बांधून ठेवली असेल, तर सोडा ती. घासा, वापरा. आठवण काही जात नाही. मला विचाराल तर ती कामातच टिकते.

ऐका, शेवंती तीळ भाजतेय. माझी वेळ झाली.