पाचव्या नंबरचं काम

...काडीचं टोक पडद्यावर टेकलेलं होतं आणि सरकत नव्हतं – प्लास्टिकची ती बोटभर काडी, मागच्या टोकाला चावून चावून चपटी झालेली, आणि तिच्या खाली, राखाडी-हिरव्या पडद्यावरच्या बारक्या अक्षरांत, एक ओळ. हिला विचारणे, बाथरूममध्ये नळ सोडून रडते ते का. ओळीच्या डावीकडे पाचचा आकडा. उजवीकडे तारीख, अकरा वर्षांपूर्वीची, आणि तारखेला चिकटून मुदत उलटल्याची खूण. ही खूण यंत्र न चुकता लावतं, मग काम बल्ब बदलण्याचं असो की आणखी कसलं.

ही म्हणजे बायको. दुसरी कोण असणार? यंत्र त्याचं, ओळ त्याची, शब्द आखडून लिहायची खोडही त्याचीच. आणि त्याला यातलं काही, म्हणजे अक्षरशः काहीही, आठवत नव्हतं. ती रडत होती हे आठवत नव्हतं, आपण ते ऐकलं हे आठवत नव्हतं, ऐकून हे इथे लिहिलं हेही नाही. बायको नळ सोडून रडते आणि नवरा ते यादीत टिपून ठेवतो... दुसऱ्या कुणाबद्दल असं ऐकलं असतं तर त्याने त्या माणसाला चार शब्द सुनावले असते. स्टुलावर बसल्या बसल्या त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

घरात या यंत्राला, खिशात मावणाऱ्या या इलेक्ट्रॉनिक डायरीला, पाटी म्हणत. मुलीने ठेवलेलं नाव – शाळेत होती तेव्हा ती म्हणाली होती, बाबा काडीने पाटीवर गिरवतात. एका दंतवैद्याने नवं घेतलं आणि जुनं याच्या गळ्यात मारलं, त्याला आता बावीस वर्षं झाली. दंतवैद्याने त्यानंतर सात फोन बदलले, याची पाटी मात्र शर्टाच्या खिशात तशीच. किराण्याची यादी पाटीत, वाढदिवस पाटीत, कुठल्या रोग्याच्या कवळीला कुठली छटा दिली ते पाटीत. फोन होता त्याच्याकडे, चांगला होता, पण फोनवर माणसं बोलतात, मध्येच कुठलं चित्र येतं, कुणाचं काय येतं. पाटी कुणाचं काही आणत नाही. जे सांगाल तेवढं धरून ठेवते.

आणि त्याची एक पद्धत होती. पद्धतीशिवाय त्याच्या धंद्यात भागत नाही – तो कवळ्या बनवायचा, डॉक्टरांकडून माणसांच्या तोंडाचे ठसे यायचे, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात. ती माणसं तो कधी बघायचाही नाही. तर पद्धत अशी, की काम कुठलंही असो, पाटीत घालायचं आणि त्याला आकडा द्यायचा. एक म्हणजे आज. दोन म्हणजे या आठवड्यात. तीन म्हणजे महिन्याभरात. चार म्हणजे बघू. आणि पाच... पाच म्हणजे लिहिलं एवढंच. भागीदाराच्या मेहुण्याने कुठल्या तरी योजनेची माहिती घ्या म्हणून डोकं खाल्लं, की त्याच्या देखत काडी काढायची, लिहायचं, पाच. समोरच्याचं समाधान होतं, आपल्या डोक्यातूनही जातं. पाचवालं काम आजवर झालेलं नव्हतं. ते व्हावं म्हणून लिहिलेलंच नसायचं.

मग पुढे केव्हा तरी त्याला सोय सापडली, तीनपर्यंतचंच दाखव, बाकीचं झाकून ठेव. यादी कशी स्वच्छ झाली होती. तो खूश झाला होता, दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटला होता.

काल संध्याकाळी सेल संपले आणि नवे घालेपर्यंत पाटी कोरी झाली. असं पूर्वीही झालं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर सगळं ठेवलेलं असतं. आज सकाळी आल्या आल्या त्याने पाटी कॉम्प्युटरला जोडलेल्या तिच्या घोड्यावर बसवली, बटण दाबलं, सगळं परत आलं. फक्त ती झाकायची सोय तेवढी विसरून आली. चारशे बारा कामं. आधी त्याला हसूच आलं, हे बघा, मेहुण्याची योजना, हे बघा, बासरी शिकणे, दारामागचा खिळा, आतेभावाला पत्र – आतेभाऊ जाऊनही सहा वर्षं झाली – असं मजेत खाली खाली सरकत असताना काडी या ओळीवर येऊन टेकली होती.

"काय हो, पाटी मेली का पुन्हा?" भागीदार पलीकडच्या टेबलावरून म्हणाला. भागीदार म्हणजे तोंडाची टकळी, मेणाचा दिवा पेटवला की त्याचं तोंडही पेटतं.

"नाही. आलं सगळं."

"मग चेहरा असा का? आता तिला सुखाने रिटायर करा. मी म्हणतो, हार घाला, फोटो काढा..."

"पुरे हो."

भागीदाराने मान खाली घालून दिवा बारीक केला. वीस वर्षांत याने त्याला पुरे म्हटलं नव्हतं.

चार का नाही दिला? निदान चार. पुन्हा पुन्हा मन तिथेच येऊन आदळत होतं. विसरला, ठीक आहे, माणूस विसरतो. पण लिहिताना, त्या क्षणी, काडी आकड्यावर नेताना त्याने एक ते पाच असे आकडे बघितलेच असणार, आणि बघून पाचवर टेकवली असणार. तो कोण होता बसलेला? तो मीच ना. ह्याच हाताने ना. मी रोज रात्री जिच्या शेजारी झोपतो तिचं रडणं मी मेहुण्याच्या योजनेच्या खाली लिहिलं...

त्याने ती तारीख डायरीत काढली. पाटीत दिवसाचं पान असतं, तासातासाचं. साडेनऊ, दोन कवळ्या पोचवणे. बारा, मेण आणणे. चार, सुळ्यांची छटा पुन्हा बघणे. साडेसहा, सायकलचा ब्रेक. सगळ्यांवर झाल्याची खूण. त्या दिवशी आपण कुठे कुठे होतो हे त्याला मिनिटाच्या हिशेबाने सांगता आलं असतं, पोलिसांनी विचारलं असतं तरी. तिचा मात्र त्या पानावर पत्ता नव्हता. त्याने पुढचं पान काढलं. आणि तिथे, सकाळी आठच्या समोर, एक नंबरचं काम, झालेलं – बाथरूमच्या नळाचा वायसर बदलणे.

हे त्याला आठवलं.

हे मात्र लख्ख आठवलं. नळ आवाज करत होता, सकाळी लवकर उठून त्याने वायसर आणला होता, दुकान उघडायच्या आधी दारात जाऊन उभा राहिला होता, गुडघ्यावर बसून पान्याने नळ खोलला होता आणि जुना वायसर, चेपून काळा पडलेला, तळहातावर घेऊन तिला दाखवला होता. "बघ, हा असा झाला होता." ती दारात उभी होती, ओले केस टॉवेलात गुंडाळलेले. "बरं केलंत," ती म्हणाली होती. आणि त्याला अभिमान वाटला होता, खरंच वाटला होता, प्लंबर न बोलावता काम झालं म्हणून. म्हणजे आदल्या दिवशी त्याने दाराबाहेर उभं राहून दोन आवाज ऐकले होते आणि त्यातल्या एकाची दुरुस्ती केली होती.

दुपारपर्यंत त्याने काम केलं, म्हणजे हात चालले. साच्यावर मेण ओतलं, दात लावले, वरचे, मग खालचे. ती तेव्हा कशासाठी रडत असेल याची कारणं तो एकेक लावून बघत होता आणि एकही बसत नव्हतं. तिची आई? आई त्याच्या दोन वर्षं आधी गेली. मुलगी शिकायला बाहेर गेली ते? ते पुढच्या वर्षी. वाचनालयातली नोकरी, ती तर तिला आवडायची... आवडायची ना? तब्येत? डॉक्टरकडे गेली होती का ती कधी एकटी? आपण काही बोललो होतो का? कुणी दुसरं बोललं होतं? अकरा वर्षं. एवढ्या काळात ते दुखणं निवळलं असेल, की अजून... नळ आता आवाज करत नाही. आता ती रडली तर काय सोडून रडत असेल?

"अहो," भागीदार जपून म्हणाला, "तो सुळा बघा."

त्याने बघितलं. डावा सुळा उजवीकडे बसवला होता आणि उजवा डावीकडे. तीस वर्षांत हे झालं नव्हतं.

"घरी जा," भागीदार म्हणाला. "मी बघतो. बरं वाटत नाहीये तुम्हाला."

निघताना त्याने पाटी काढली, पाचच्या आकड्यावर काडी टेकवली आणि एक केला. यंत्राने काही विचारलं नाही. ओळ तळातून उडाली आणि सगळ्यांच्या वर जाऊन बसली, बुधवारच्या कवळीच्याही वर. तिच्याकडे बघून त्याला बरं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. शरम वाटली. रस्त्यात त्याने वाक्यं जुळवली. अगं, मला जरा सांग. अगं, मागे एकदा. सगळी खोटी वाटत होती. न विचारताच चाललंय की इतकी वर्षं, छान चाललंय, कशाला खपली काढायची, असंही एक मन म्हणत होतं, आणि ते मन चांगलंच ओळखीचं होतं. पाच नंबर देणारं तेच.

ती वाचनालयातून येऊन पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. खिडकीतून अजून ऊन येत होतं.

"अहो, आज लवकर कसे?"

"एक विचारायचं होतं."

"मग विचारा. परवानगी कसली काढताय?"

तो खुर्चीवर टेकला. "तू... मागे. अकरा वर्षं झाली असतील. बाथरूममध्ये, नळ सोडून..."

तिच्या हातात उशीचा अभ्रा होता. हात थांबले नाहीत. हेच त्याला आधी दिसलं, की हात थांबले नाहीत. अभ्र्याची घडी झाली, दुसरी झाली, मग तिने तो बाजूला ठेवला.

"सापडलं वाटतं," ती म्हणाली.

"काय?"

"ते. पाटीतलं."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मी तेव्हाच वाचलं होतं ते," ती म्हणाली. आवाज साधा होता, दूधवाला आला होता असं सांगावं तसा. "तुम्ही आंघोळीला गेला होतात आणि पाटी टेबलावर उघडी राहिली होती. म्हटलं, चला, कळलंय ह्यांना. मला काय बरं वाटलं होतं म्हणून सांगू तुम्हाला. कळलंय ना, मग विचारतील. आज विचारतील, उद्या विचारतील. पाच नंबर होता, म्हणून म्हटलं, थोडा वेळ लागेल."

ती थोडीशी हसली. त्याला ते हसू बघवलं नाही.

"मग रोज बघायचे. तुम्ही आंघोळीला गेलात की उघडायचे, यादीत खाली जायचे, आहे ना बघायचे. असायची ओळ. महिनाभर तरी बघितलं असेल. एक दिवस बघते तर नाही. म्हटलं, खोडलीत."

"खोडली नव्हती," तो म्हणाला. "झाकली गेली होती. ती एक सोय असते, त्यात तीनपर्यंतच..." आणि तो थांबला, कारण सोय समजावून सांगायला लागलेला आपलाच आवाज त्याला ऐकू आला.

"हो का," ती म्हणाली. "मला काय ठाऊक. मी आपली समजले, की नको असेल ह्यांना."

कपड्यांच्या ढिगात आता दोनच कपडे उरले होते, त्याचा एक शर्ट आणि एक टॉवेल. तिने शर्ट उचलला, झटकला, मांडीवर पसरला.

"सांगू आता?" ती म्हणाली. "की राहू दे?"

"सांग."

ती शर्टाच्या बाहीकडे बघत क्षणभर थांबली. आणि त्या थांबण्यात त्याच्या डोळ्यांसमोर ते सगळं येऊन उभं राहिलं – आत तो, त्या दुरुस्त नळाखाली, साबण लावतोय, गुणगुणतोय की काय, आणि बाहेर ती, ओल्या हाताने काडी धरून, वापरता न येणाऱ्या यंत्रावर एकेक ओळ खाली सरकवत, मेहुण्याची योजना, बासरी, दारामागचा खिळा, आणि मग तिथे, सगळ्यात खाली, आपलं रडणं, आहे अजून, बरं, आणि पाटी जशी होती तशी ठेवून पुन्हा ओट्याशी... एक सकाळ. दुसरी. तीस सकाळी. तो बाहेर यायचा तेव्हा ती विचारायची, चहा टाकू? चहा टाकू म्हणताना ती त्याच्याकडे बघायची का? बघत असणार. आणि मी म्हणायचो, टाक. तीस वेळा...

"...आणि मग मी कुणाला म्हणून सांगणार होते?" ती म्हणाली, आणि तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते तिचे.

तिने सांगायला सुरुवात केली होती. पहिलं वाक्य होऊन गेलं होतं, कदाचित दुसरंही. तो ऐकायचाच राहिला होता. ती थांबून त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण मान हलवतो आहोत, समजलं, समजलं, अशी.